गाळ्याचा फोन: कुलूप कुठे, किल्ली कोणाकडे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

तुर्भ्याच्या बाजार आवारात काकांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. गाळ्याचा म्हणून एक अँड्रॉइड फोन आहे, तो पहाटे पहिली गाडी लागल्यापासून हातोहाती फिरतो. शेतकऱ्याला भाव सांगायचा, वक्कलाचा, म्हणजे मालाच्या लॉटचा, फोटो खरेदीदाराला पाठवायचा, पैसे आले का बघायचे, सगळं त्यावरच. काकांची मागणी ऐकायला सोपी: "व्हॉट्सॲप सगळ्यांना दिसू दे, बँक कोणाला दिसायला नको." चहा येईपर्यंत त्यात भर पडली: "आणि फोटो पण नको. म्हणजे, कांद्याचे दिसू दे."

यामागचं कारणही कळलं. गाळ्यावरच्या एका पोराने उचल मागितली. काका म्हणाले, आत्ता नाही. पोरगा सरळ म्हणाला, "काल तर दोन लाख जमा झाले ना काका." तो बँकेच्या ॲपमध्ये शिरला नव्हता. खात्यात रक्कम पडली की एसएमएस येतो आणि त्याच्या शेपटीला उपलब्ध शिल्लक लिहिलेली असते. भाव टाइप करत असताना तो मेसेज स्क्रीनच्या माथ्यावर उतरला आणि त्याने वाचला. एवढंच.

फोनचा चार आकडी पिन काकांना, हिशोब लिहिणाऱ्या मेहताजींना, दादाला आणि पोरांना तोंडपाठ आहे. शिवाय कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिकटपट्टीखाली लिहूनही ठेवलाय. बदलून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी नवा चिकटेल. म्हणून पहिलीच नोंद: या फोनचा स्क्रीन लॉक उघडाच आहे असं धरून पुढचं सगळं करायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कोण कशासाठी फोन घेतं ते बघत बसले. मेहताजी पट्ट्यांचे, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचे, फोटो पाठवतात आणि हिशोबाचं ॲप उघडतात. पोरं व्हॉट्सॲप, कॅमेरा, कॉल आणि दुपारी क्रिकेट. खरेदीदार तर काउंटरवर रेलून फोन स्वतःच्या हातात घेतात आणि फोटोवर फोटो सरकवत राहतात. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. कुलूप कोणापासून घालायचं याचं उत्तर इथे "चोर" असं नाहीच. फोन उघडून आपणच ज्याच्या हातात देतो, तो माणूस.

कुलपं लागणार ती बँकेच्या ॲपला, एसएमएसला, हिशोबाच्या ॲपला, सेटिंग्जला आणि काही फोटोंना. व्हॉट्सॲपचं काय करायचं ते नंतर.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फोनवर आधीपासून एक ॲप लॉक सापडलं. पोरांपैकीच कोणीतरी प्ले स्टोअरवरून टाकलं असावं. पिवळं कुलूप, उघडताच जाहिरात. नाव लिहीत नाही, या जातीची ढीगभर आहेत आणि सगळ्यांची चाल एकच.

चाल अशी. अँड्रॉइडमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपचं दार खरोखर बंद करता येत नाही. म्हणून हे ॲप 'वापराची माहिती' बघायची परवानगी घेतं, म्हणजे आत्ता समोर कोणतं ॲप आलं ते त्याला कळतं. दुसरी परवानगी 'इतर ॲप्सच्या वर दाखवा'. बँकेचं ॲप उघडलं की हे धावत येऊन त्यावर आपला पिनचा पडदा टाकतं. बँकेचं ॲप मागे उघडलेलंच असतं. फोन जरा मंद असला तर पडदा पडायच्या आधी आतलं क्षणभर दिसतं, इथे तसं दिसलं.

बॅटरी वाचवायला फोनने मागचं ॲप बंद केलं की पडदा टाकायला कोणी उरत नाही. सेटिंग्ज उघडी असतील तर ॲप काढून टाकता येतं. आणि सेफ मोडमध्ये फोन सुरू केला तर बाहेरून टाकलेली ॲप्स चालतच नाहीत, कुलूपही नाही. बँकेचं ॲपही त्या वेळी चालत नाही हे खरं, पण सेफ मोडमधून कुलपाचं ॲप काढून टाकलं की पुढच्या वेळी रस्ता मोकळा.

काही ॲप्स याच्या जोडीला ॲक्सेसिबिलिटीची परवानगीही मागतात. ती दिली की त्या ॲपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो, बटणं दाबता येतात. अंध किंवा हात न चालणाऱ्या माणसांसाठी ती सोय आहे आणि बँकेचे पैसे पळवणारी व्हायरस ॲप्स नेमकी तीच मागतात. जाहिरातींवर जगणाऱ्या कुलपाला ती मी देणार नाही. परवानग्या काढल्या, ॲप काढलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनांत ॲप लॉक कंपनीनेच सेटिंग्जमध्ये दिलेला असतो, गाळ्याचा फोन त्यातलाच. तो सिस्टिमचाच भाग असल्यामुळे कोणी काढून टाकू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याचा पासवर्ड स्क्रीन लॉकपेक्षा वेगळा ठेवता येतो. इथे सगळा खेळ त्यावरच आहे.

चालू केला. बँक, एसएमएस, हिशोब, सेटिंग्ज. ॲपमधून बाहेर पडताच पुन्हा लॉक व्हावं असं ठेवलं, कारण स्क्रीन बंद होईपर्यंत थांबलं तर या गाळ्यात स्क्रीन बंदच होत नाही. 'लॉक केलेल्या ॲप्सच्या सूचनांमधला मजकूर लपवा' हेही चालू केलं. आता पैसे पडले की फक्त नवीन मेसेज आलाय एवढंच कळतं. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवायची वेगळी सोय असते, पण ती फोन लॉक असतानाच्या पडद्यापुरती. आपला फोन सदा उघडा, त्यामुळे ॲप लॉकमधलीच हवी होती.

मग बोटांचा प्रश्न. फोनवर पोरांच्या बोटांचे ठसे नोंदलेले आहेत. ॲप लॉक विचारतो, ठसा चालेल का? 'हो' म्हटलं की फोनवर नोंदलेलं कोणतंही बोट चालतं. बोट कोणाचं ते त्याला कळत नाही, यादीत आहे की नाही तेवढंच कळतं. म्हणजे बँकेचं ॲप पोराच्या अंगठ्याने उघडलं असतं. ठसा बंद. फक्त सहा आकडी पिन.

काकांना ते रुचलं नाही, त्यांना बोट हवं होतं. त्यांचा अंगठा लावून बघितला. चार दशकं बारदान ओढून, गोणीची सुतळी आवळून त्या अंगठ्याच्या रेघा पार गुळगुळीत झाल्यात, वर कांद्याचा फोलपट-भुसा. फोन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहिला. मग त्यांनीच पिन मान्य केला. नातवाची जन्मतारीख ठेवायची होती. म्हटलं, काका, तारीख अख्ख्या बाजाराला माहीत आहे, बारशाचे पेढे तुम्हीच वाटलेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

मेहताजी दुपारपर्यंत बोलले नाहीत. पट्टी लिहिताना पेन जोरात दाबत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला आहे. आणि मोबाईलला माझ्यापासून कुलूप?"

बरोबर होतं त्यांचं. शनिवारी ते लवकर गेले होते आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझं मत असं की ज्या घरात किंवा धंद्यात फोन सगळ्यांचा असतो, तिथे कुलूप लावायच्या आधी माणसाला सांगायला हवं, नाहीतर ते त्याच्याच तोंडावर लावल्यासारखं दिसतं. काकांना म्हटलं, हिशोबाचं ॲप मेहताजी दिवसभर वापरतात, त्याचा पिन त्यांच्याकडेच हवा. काका म्हणाले, मग बँकेचाही तोच होईल. खरं आहे, या ॲप लॉकला सगळ्या ॲप्ससाठी एकच पिन.

तोडगा असा निघाला. ॲप लॉकचा पिन काका आणि मेहताजी दोघांकडे. बँकेच्या ॲपचं स्वतःचं लॉगिन असतं, ते काकांचं एकट्याचं. यूपीआयला तर पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायलाही यूपीआय पिन लागतोच. त्यामुळे मेहताजींना एसएमएसमधून जमा झालेलं कळेल, आणि ते त्यांना कळायलाच हवं, त्याशिवाय ते वही कशी मिळवणार?

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी फोनवरच्या बोटाने किंवा चेहऱ्याने पैसे पाठवायची सोय आणली गेली आहे. ती ग्राहकाने आपणहून सुरू करायची असते. ज्या फोनवर पाच जणांची बोटं नोंदलेली आहेत तिथे ती सुरू करायची नाही. काकांना हे दोनदा सांगितलं.

निघताना मेहताजींनी स्वतःचा फोन पुढे केला. "यात एक चॅट आहे, ती जरा…" लॉक करून दिली. कोणाची ते विचारलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोटो. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

गॅलरीत कांद्याच्या फोटोंच्या मधोमध काय काय आहे ते बघून मीच गप्प झाले. शेतकऱ्यांची बँक पासबुकं, आधार कार्डं, रद्द केलेले चेक, एकाच्या बायकोचं पॅन कार्ड. पैसे खात्यात टाकायचे म्हणून जुन्नर, निफाडहून लोक फोटो पाठवतात, व्हॉट्सॲप ते आपोआप गॅलरीत टाकतं, आणि खरेदीदार लाल कांद्याचे फोटो सरकवता सरकवता कोणाच्या तरी खाते क्रमांकावर येऊन थांबतो. काकांना स्वतःच्या शिल्लकेची काळजी. मला वाटतं याची जास्त असायला हवी, कारण ही माहिती आपली नाहीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं नाव काढलं तर काका म्हणाले, "कायद्याचं राहू दे, गावात तोंड कसं दाखवू ते सांग."

गॅलरीला ॲप लॉक लावून बघितला. मग व्हॉट्सॲप उघडून एका चॅटमध्ये क्लिपचं चिन्ह दाबलं. सगळे फोटो हजर. गूगल फोटोज उघडलं, तिथेही हजर. फाइल मॅनेजरमध्येही. कुलूप एका खिडकीला लागलं होतं, फोटो जागच्या जागीच होते. म्हणजे फोटोच उचलून दुसरीकडे ठेवायला हवेत.

गूगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर आहे. चांगला आहे: त्यात गेलेला फोटो दुसऱ्या ॲपला दिसत नाही, आतला स्क्रीनशॉटही काढता येत नाही. पण तो उघडतो फोनच्याच स्क्रीन लॉकने. आणि आपला स्क्रीन लॉक कॅल्क्युलेटरच्या पाठीवर.

गूगलच्या फाइल्स ॲपमध्ये सेफ फोल्डर आहे, त्याला स्वतःचा पिन किंवा पॅटर्न असतो. तोच घेतला. एक पथ्य: हा पिन विसरला तर आतलं परत मिळवायचा मार्ग नाही. म्हणून त्यात मूळ म्हणून काहीही ठेवायचं नाही. पासबुकावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी मेहताजी वहीत उतरवतात, तेवढं झालं की फोटो शक्यतो पुसायचाच. सेफ फोल्डर फक्त मधल्या दोन दिवसांसाठी.

व्हॉट्सॲपमध्ये 'मीडिया दिसणे' बंद केलं, त्यामुळे नवीन आलेले फोटो गॅलरीत येणार नाहीत. कांद्याचे फोटो तर पोरं कॅमेऱ्यानेच काढतात, ते गॅलरीत राहतात. काकांची पहिल्या दिवसाची अट अशी पुरी झाली. आणि शेतकऱ्यांना पाठवायला एक ओळ तयार केली: आधार पाठवायचं असेल तर मास्क केलेलं पाठवा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. किती जण ऐकतील ते दिसेलच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

व्हॉट्सॲप उघडं ठेवायचंय, पण आत दोन-तीन चॅट घरच्या आहेत. वहिनींचे दवाखान्याचे रिपोर्ट याच नंबरवर आले होते. व्हॉट्सॲपचा स्वतःचा फिंगरप्रिंट लॉक अख्ख्या ॲपला लागतो, कामाचा नाही. चॅट लॉक २०२३ मध्ये आला, तो एकेका चॅटला लागतो: चॅट वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि सूचनेत नाव, मजकूर काही येत नाही. पण तोही फोनच्या बोटाने किंवा पिनने उघडतो. इथे सीक्रेट कोड उपयोगी पडला. कोड फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवायचा, फोल्डर यादीतून लपवायचा, मग शोधपट्टीत तो कोड टाइप केल्यावरच फोल्डर दिसतो. वहिनींना बोलावून त्यांनाच टाइप करायला लावलं. काकांना कोड दिलेला नाही, वहिनींची तशी इच्छा.

हे करताना गाळ्याच्या कॉम्प्युटरकडे नजर गेली. व्हॉट्सॲप वेब चोवीस तास उघडं, खुर्चीत कोणीही. फोनवर कितीही कुलपं घाला, इथे सगळं आहेच. व्हॉट्सॲप वेबच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली स्क्रीन लॉक मिळतो, त्याला वेगळा पासवर्ड. लावला. 'लिंक केलेली डिव्हाइस' यादी बघितली तर त्यात दोन अनोळखी ब्राउझर निघाले, एक बहुतेक गेल्या वर्षीच्या सीएच्या पोराचा. दोन्ही लॉग आउट केले.

रविवार, १६ नोव्हेंबर. बाजार बंद

घणसोलीला घरीच. काकांचा स्वतःचा सॅमसंग आणि दादाचा आयफोन दोन्ही घेऊन बसले.

सॅमसंगवर सिक्युअर फोल्डर. हा निव्वळ पडदा नाही, फोनच्या आत दुसरी वेगळी खोली आहे. त्यात टाकलेलं ॲप ही वेगळी प्रत असते, तिचा डेटाही वेगळा. म्हणून बँकेचं ॲप आत नव्याने नोंदवून बाहेरचं काढून टाकलं. पिन वेगळा. इथेही ठसा लावायचा झाला तर फोनवर नोंदलेली बोटं चालतात, पण या फोनवर फक्त काकांची आहेत आणि ती चालत नाहीत, त्यामुळे वादच मिटला.

दादा म्हणाला, माझ्या बायकोच्या फोनवर 'प्रायव्हेट स्पेस' आहे तसं का नाही? ते अँड्रॉइड १५ बरोबर २०२४ मध्ये आलं. त्यालाही हवं तर वेगळं लॉक ठेवता येतं. पण लॉक केलं की आतली ॲप्स थांबतात, सूचना येत नाहीत. बँकेसाठी चालेल, मेसेजवर धंदा असेल तर नाही.

आयफोनवर आयओएस १८ पासून ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की फेस आयडीची अट लावता येते. त्या ॲपचा मजकूर मग सूचनेत आणि शोधातही दिसत नाही. ॲप स्टोअरवरून घेतलेलं ॲप पूर्ण लपवताही येतं. कॅमेरा, घड्याळ, सेटिंग्ज अशा काहींना ही अट लागत नाही. दादाला ते आवडलं, त्याने धडाधड आठ-दहा ॲप्सना लावून टाकलं. मग मी फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरला. फेस आयडी नाही म्हणाला, आणि खाली पासकोड मागितला. त्याच्या मुलीने पलंगावरून, खेळणं न सोडता, पासकोड सांगितला.

पासकोड बदलला. मुलीला गेमसाठी फोन द्यायचा तर गाइडेड ॲक्सेस: बाजूचं बटण तीनदा दाबलं की ती त्या एका ॲपमध्येच राहते, बाहेर पडायला वेगळा कोड. अँड्रॉइडवर याचा भाऊ म्हणजे ॲप पिनिंग. गाळ्याच्या फोनवर खरेदीदाराला फोटो दाखवताना तो वापरून बघायचा होता. पोरं म्हणाली, ताई, एवढा वेळ कोणाला आहे. त्यांचं खरं आहे, सोडून दिला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काउंटरवर साउंडबॉक्स आला. पैसे पडले की रक्कम मोठ्याने बोलतो. पैसे आले का बघायला फोन मागणं निम्म्याने कमी झालं. कुठल्याही कुलपापेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं माझं प्रामाणिक मत. अर्थात आता रक्कम शेजारच्या गाळ्यालाही ऐकू जाते. काकांना ते चालतं, "आवक कळू दे, शिल्लक कळायला नको."

पोरांपैकी एकाने विचारलं की त्याच्या फोनवरही असं लावून मिळेल का, खोलीवर सहा जण राहतात. चहाच्या वेळात लावून दिलं. त्याने पिन मला न दाखवता टाकला, शाबास.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उरलेलं म्हणजे खरा चोर. फोन लांबवला तर तो ॲप लॉकशी झटापट करत बसणार नाही, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालेल आणि ओटीपी तिथे मागवेल. त्याला उपाय सिमचा स्वतःचा पिन. फोन बंद करून सुरू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की तो विचारला जातो. लावण्याआधी मूळ पिन सिम कंपनीकडून विचारून घेतला, अंदाजाने टाकायचा नाही: तीनदा चुकला की सिम अडतं आणि ते उघडायला आठ आकडी पीयूके कोड लागतो, पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. पीयूके लिहून मेहताजींच्या ताब्यात, तिजोरीत.

स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, आयएमईआय, काढला, तोही त्याच कागदावर. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रारीनंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हा नंबर देऊन फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करवता येतो. पैसे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, बाकी सगळं नंतर. हे दोन्ही पोरांनाही सांगितलं, कारण पहाटे चार वाजता गाळ्यावर तीच असतात.

बाकी आहे: कॅल्क्युलेटरवरची चिकटपट्टी काढायची नाही असं ठरलंय. सेफ फोल्डरमधले जुने फोटो मेहताजी महिनाअखेरीच्या पट्ट्या झाल्या की पुसतील. दादाच्या मुलीला नवा पासकोड कळला का, ते दादाने पुढच्या रविवारी सांगायचंय.